रादिक्यो: कडू पानांचे पोषण, निवड आणि स्वयंपाकातील उपयोग

पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत लेट्यूस आणि ब्रोकोलीच्या शेजारी हल्ली गडद वाइन रंगाचा, पांढऱ्याशुभ्र शिरांचा, मुठीहून जरा मोठा असा एक गड्डा दिसतो. पुष्कळ जण तो लाल कोबी समजून घरी आणतात, कोशिंबिरीत बारीक चिरून घालतात आणि पहिल्याच घासाला तोंड कडू झाले की उरलेला गड्डा तसाच फ्रिजमध्ये पडून राहतो. ही भाजी म्हणजे उत्तर इटलीतील वेनेतो प्रांताचे रादिक्यो. आपल्याकडच्या पाट्यांवर तिचे नाव बहुधा रॅडिचिओ असे लिहिलेले असते. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती थंडीच्या दिवसांत अगदी सहज आणि स्वस्तात मिळते, परंतु तिथेही ती कशी वापरावी हे ठाऊक नसल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. या पानांचा कडूपणा पूर्णपणे घालवला, तर खाण्यासारखे फारसे काही उरत नाही. तो किती ठेवायचा आणि कशाच्या जोडीने ठेवायचा हे ठरवणे, हेच या भाजीच्या स्वयंपाकातले मुख्य काम आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

भाजीचे कुळ आणि तिच्या जाती

रादिक्यो ही चिकोरीची, म्हणजे युनानी औषधांत कासनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीची, पानांसाठी निवडत आणलेली जात आहे. तिचे शास्त्रीय नाव सिकोरियम इंटिबस. सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू ज्या कुळात मोडतात त्याच कुळात ती येते आणि लेट्यूसही याच कुळातले आहे. फिल्टर कॉफीत मिसळली जाणारी चिकोरी ही याच प्रजातीच्या भाजलेल्या मुळांची पूड असते. ती मुळे आपल्याकडे गुजरातमधील जामनगर परिसरात पिकवली जातात, मात्र मुळांसाठी आणि पानांसाठी लावल्या जाणाऱ्या जाती वेगवेगळ्या असतात. चिकोरीचे पान मोडले की देठातून पांढरा चीक येतो आणि लॅक्टुसिन व लॅक्टुकोपिक्रिन ही तिला कडू करणारी द्रव्ये मुख्यतः या चिकात असतात. आपल्या शेतांच्या बांधावर उगवणारी आणि भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाणारी पाथरी याच कुळातली असून तिच्या पानांतूनही असाच चीक येतो. तेव्हा कडू पान कच्चे खाण्याची रीत महाराष्ट्राला मुळीच परकी नाही.

वेनेतोमध्ये रादिक्योच्या जातींना गावांची नावे आहेत. व्हेनिसच्या खाडीच्या दक्षिण टोकाला असलेल्या क्योज्जाच्या नावाचा गोल, घट्ट गड्डा जगभर सर्वाधिक विकला जातो आणि भारतात मिळतो तोही बहुतेक हाच. वेरोनाचा गड्डा लहान आणि किंचित लांबट असतो. कास्तेलफ्रांकोची पाने फिकट पिवळसर, त्यांवर लाल शिंतोडे उडालेले आणि गड्डा उमललेल्या गुलाबासारखा मोकळा असतो. ही जात सर्वांत सौम्य आहे आणि तिला शिजवणे म्हणजे तिचे नुकसान करणे, असे माझे स्पष्ट मत आहे. राहिला त्रेविझो. त्याचे दोन प्रकार आहेत. लवकर येणारा प्रकार लांबट, मिटलेल्या पानांचा असतो, तर उशिरा येणाऱ्या प्रकाराची पाने अरुंद, टोकाशी आत वळलेली आणि जाड पांढऱ्या देठांची असतात. त्रेविझो आणि कास्तेलफ्रांको या दोन्हींना १९९६ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले.

उशिरा येणाऱ्या त्रेविझोची घडण नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण कडूपणाचे सगळे गणित तिच्यात उघड होते. नोव्हेंबरपासून, शेतात किमान दोनदा दहिवर (गोठलेले दव) पडून गेल्यानंतर, रोपे मुळासकट उपटली जातात. या वेळी बाहेरची पाने हिरवट-तपकिरी, राठ आणि खाण्यास अयोग्य असतात. मुळांसह या रोपांच्या जुड्या बांधून त्या अंधाऱ्या छपराखालच्या टाक्यांत उभ्या केल्या जातात आणि टाक्यांमधून त्या भागातील जिवंत झऱ्यांचे सुमारे ११ ते १२ अंश सेल्सिअसचे पाणी सतत वाहते ठेवले जाते. बाहेर गोठवणारी थंडी असताना हे पाणी मुळांना ऊबदारच वाटते. मुळांत साठवलेल्या अन्नावर आतून नवी पाने फुटू लागतात, परंतु उजेड नसल्याने त्यांत हरितद्रव्य तयार होत नाही. काही आठवड्यांनी जुड्या बाहेर काढून बाहेरची कुजलेली पाने हाताने सोलून टाकली जातात, मूळ चाकूने तासून टोकदार केले जाते आणि स्वच्छ पाण्यात धुतल्यावर पांढऱ्या देठांचा, वाइन रंगाच्या कडांचा कुरकुरीत तुरा हाती येतो. शेतातून निघालेल्या वजनाचा मोठा भाग या कामात वाया जातो आणि बरेचसे काम हातानेच करावे लागते, त्यामुळे ही जात महाग असते. तिची किंमत योग्य आहे असे मला वाटते. तिचा कडूपणा मागाहून, हलकेच जाणवतो आणि देठ ऊसासारखा रसाळ लागतो.

पोषण: आकडे काय सांगतात

अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या लाल रादिक्योत सुमारे ९३ ग्रॅम पाणी, २३ किलोकॅलरी ऊर्जा, दीड ग्रॅमच्या आत प्रथिने आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. तिचे खरे बळ क जीवनसत्त्वात नाही, कारण ते जेमतेम ८ मिलिग्रॅम आहे. ते के जीवनसत्त्वात आहे. १०० ग्रॅममध्ये ते सुमारे २५५ मायक्रोग्रॅम भरते. प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला ९० आणि पुरुषासाठी १२० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले जाते, म्हणजे ५० ग्रॅम पानांतच दिवसाची गरज भागते. रक्त गोठण्याच्या क्रियेसाठी आणि हाडांतील काही प्रथिनांच्या कार्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. डोळ्यांच्या दृष्टिपटलात साठणारी ल्युटीन व झियाझँथिन ही रंगद्रव्ये तिच्यात १०० ग्रॅममागे जवळजवळ ८.८ मिलिग्रॅम आहेत, तांबे ०.३४ मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व २.३ मिलिग्रॅम, फोलेट ६० मायक्रोग्रॅम आणि पोटॅशियम सुमारे ३०० मिलिग्रॅम आहे. पानांना लाल रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये जांभूळ आणि लाल कोबी यांतल्या द्रव्यांच्याच गटातली आहेत.

आता दुसरी बाजू. पालेभाजी म्हटली की तंतू भरपूर असणार असे आपण गृहीत धरतो, परंतु लाल रादिक्योत १०० ग्रॅममागे तंतू एका ग्रॅमच्याही आत आहेत, लोह ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे, कॅल्शियम १९ मिलिग्रॅम आहे आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच. म्हणून मेथी, पालक किंवा शेवग्याच्या पाल्याच्या जागी हे पान आणू नये, त्यांच्या जोडीला आणावे. याच प्रजातीची उघड्या उन्हात वाढलेली हिरवी चिकोरी पाहिली तर चित्र पालटते. तिच्यात १०० ग्रॅममागे कॅल्शियम १०० मिलिग्रॅम, तंतू ४ ग्रॅम, क जीवनसत्त्व २४ मिलिग्रॅम आणि अ जीवनसत्त्व २८६ मायक्रोग्रॅम असते. त्याउलट याच प्रजातीच्या, अंधारात वाढवलेल्या बेल्जियन एंडिव्हच्या पांढऱ्या कोंबांत अ जीवनसत्त्व नाममात्र असते. उजेड कमी केला की चव सौम्य होते, पण उजेडात तयार होणारी द्रव्येही कमी होतात. सौम्यतेची किंमत पोषणात मोजावी लागते, हे खरेदी करतानाच ध्यानात ठेवावे.

या पानांबद्दल एक गैरसमज सर्वत्र पसरलेला आहे, तो दूर करणे मला आवश्यक वाटते. चिकोरीत इन्युलिन नावाचा, आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य ठरणारा तंतुमय पदार्थ विपुल असतो असे वाचनात येते आणि ते खरे आहे, मात्र ते मुळांबाबत. कारखान्यांत इन्युलिन काढले जाते ते चिकोरीच्या मुळांपासून. वाटीभर पानांची कोशिंबीर खाल्ल्याने मुळाचे ते लाभ मिळतील अशी अपेक्षा करू नये.

के जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि ल्युटीन ही सर्व स्निग्धांशात विरघळणारी असल्याने ही पाने तेल, चीज किंवा सुक्या मेव्याबरोबर खाल्ली तरच त्यांचे शोषण नीट होते. नुसती पाने लिंबू पिळून खाणे हा काटकसरीचा आहार वाटला तरी पोषणाच्या दृष्टीने तो तोट्याचाच आहे. फोलेट मात्र पाण्यात विरघळते आणि उष्णतेने घटते, म्हणून पाने उकळून ते पाणी फेकून देण्याची पद्धत टाळलेली बरी.

वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी या भाजीबाबत विशेष सावध राहावे. के जीवनसत्त्वाचे प्रमाण एकाएकी वाढले तर अशा औषधांचा परिणाम कमी होतो. भाजी पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते, पण खाण्याचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवावे लागते आणि ते किती असावे हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियमवर मर्यादा असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारावे. सूर्यफूल-शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांना या पानांचाही त्रास होऊ शकतो, आणि ही पाने सतत हाताळणाऱ्या काही जणांच्या त्वचेवर चिकामुळे पुरळ उठते. गरोदर स्त्रियांनी कच्ची पाने फार काळजीपूर्वक धुऊनच खावीत, अन्यथा शिजवून खावीत.

निवड आणि साठवण

लाल कोबीशी होणारी गल्लत टाळणे सोपे आहे. कोबीच्या पानावर निळसर, मेणचट थर असतो आणि पान जाड, ताठ असते. रादिक्योचे पान मऊ आणि तलम असते, त्याची मधली शीर खडूसारखी पांढरी असून तिचे फाटे पानभर पसरलेले दिसतात. आकाराच्या मानाने जड लागणारा गड्डा घ्यावा. बुंध्याची कापलेली बाजू किंचित तांबूस असली तरी चालते, मात्र ती बुळबुळीत झालेली असेल किंवा पानांच्या कडा तपकिरी आणि ओलसर असतील तर तो गड्डा घेऊ नये. दुकानदाराने बाहेरची पाने सोलून काढली असतील तर गड्डा लहान आणि बुंधा त्या मानाने रुंद दिसतो. ही शिळेपणाची खूण असते.

घरी आणल्यावर गड्डा धुऊ नये. कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून, भोके असलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. घट्ट गोल गड्डा असा दोन आठवडे सहज टिकतो, त्रेविझो साधारण आठवडाभर आणि कास्तेलफ्रांको फार तर तीन-चार दिवस. अर्धा गड्डा उरला तर कापलेली बाजू तपकिरी पडते. पुढच्या वेळी तेवढा पातळ काप काढून टाकला की आतला भाग चांगला निघतो.

धुणे, चिरणे आणि कडूपणा आटोक्यात आणणे

बुंध्याचा पातळ काप काढून गड्डा उभा दोन भागांत चिरावा. कच्चा खायचा असेल तर आतला पांढरा, कठीण गाभा तिरक्या कापाने काढून घ्यावा आणि तो टाकून न देता बाजूला ठेवावा. पाने सुटी करून पिण्यायोग्य पाण्याने दोन-तीनदा धुवावीत. घट्ट गड्ड्यात माती सहसा शिरत नाही, परंतु त्रेविझो आणि कास्तेलफ्रांकोच्या देठांच्या बेचक्यांत ती दडून राहते. चाकू स्टेनलेस स्टीलचा असावा, कारण साध्या लोखंडी विळीने किंवा पात्याने चिरल्यास कापलेल्या कडा काळ्या पडतात.

कडूपणा कमी करण्याची पहिली पायरी म्हणजे थंड पाणी. पाने बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत चिरून बर्फ घातलेल्या पाण्यात पंधरा ते तीस मिनिटे ठेवली की चिरलेल्या कडांमधून कडू चीक पाण्यात उतरतो आणि पाने अधिक कुरकुरीत होतात. अख्खी पाने भिजवून फारसा उपयोग होत नाही, कारण चीक बाहेर पडायला कापलेली कड लागते. मी पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी अर्धा तास आणि सवय झालेल्यांसाठी दहाच मिनिटे भिजवण्याच्या मताचा आहे. त्यानंतर पाने चाळणीत निथळून, स्वच्छ पंचात गुंडाळून पूर्ण कोरडी करावीत. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग तेल पानांना न चिकटता भांड्याच्या तळाशी साचते, त्यामुळे कडूपणावर स्निग्धांशाचा लेप बसत नाही आणि दोष मात्र भाजीला लागतो.

दुसरी पायरी म्हणजे मीठ. मिठातील सोडियम जिभेला होणारी कडूपणाची जाणीव थेट दाबते, म्हणून गोड घालण्याआधी मीठ पुरेसे आहे का ते पाहावे. पुष्कळदा मध किंवा साखर वाढवत नेली तरी चव जमत नाही आणि चिमूटभर मीठ वाढवताच जमते. तिसरा क्रम स्निग्धांशाचा, चौथा आंबटाचा आणि अगदी शेवटी, तेही बेताने, गोडाचा. आपल्याकडे कारल्याला आधी मीठ चोळून, मग तेलात परतून, चिंच-गूळ आणि दाण्याचे कूट घालतात तेव्हा नेमका हाच क्रम पाळला जातो. ज्याला कारल्याची भाजी साधते, त्याला रादिक्यो साधायला वेळ लागत नाही.

रंगाचीही काळजी घ्यावी लागते. अँथोसायनिन आम्लात लाल राहते, अल्कधर्मी पाण्यात निळसर-हिरवे होते आणि फार वेळ शिजल्यास तपकिरी पडते. त्यामुळे सोडा कधीही घालू नये, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लवकर घालावे, आणि वेळ घेणारा पदार्थ लोखंडी कढईत न करता स्टीलच्या भांड्यात करावा.

हिवाळी सॅलड

चार जणांसाठी सुमारे २५० ग्रॅमचा एक गोल गड्डा, दोन संत्री किंवा एक पिकलेली पण घट्ट नासपती, मूठभर अक्रोड आणि ५० ग्रॅम गोर्गोन्झोला चीज घ्यावे. गोर्गोन्झोला मिळाले नाही तर दुसरे कोणतेही खारट, मुरलेले चीज चालते, परंतु ताजे पनीर चालत नाही, कारण त्यात ना मीठ ना तीव्रता. एका वाडग्यात एक मोठा चमचा लाल वाइनचे व्हिनेगर आणि पाव चहाचा चमचा मीठ घालून मीठ पूर्ण विरघळू द्यावे. तेल आधी घातले तर मीठ विरघळत नाही आणि दाताखाली येते. मग अर्धा चहाचा चमचा मोहरीची पेस्ट आणि तेवढाच मध घालून, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल धारेने ओतत फेटावे. अक्रोड कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून हाताने मोडावेत. कोरड्या केलेल्या पानांवर हे मिश्रण घालून दोन्ही हातांनी हलके चोळावे, म्हणजे प्रत्येक पट्टीला तेल लागते.

लेट्यूसला मसाला लावताच ते मान टाकते. रादिक्यो उलट पाच-दहा मिनिटे मुरल्यावर सुधारते, म्हणून हे काम पाहुणे बसण्याआधीच उरकून घेता येते. फळाच्या फोडी आणि चीज मात्र वाढताना घालावे, नाहीतर सगळ्यावर जांभळट छटा येते.

तव्यावर भाजलेले रादिक्यो

कच्च्या पानांचा कडूपणा नकोसा वाटणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. गड्डा बुंध्यासकट उभा चार भागांत चिरावा. प्रत्येक भागाला बुंध्याचा तुकडा चिकटलेला राहिला पाहिजे, तोच पाने एकत्र धरून ठेवतो. धुतल्यावर बाहेरून कोरडे करून, सर्व बाजूंना तेल चोळावे आणि मीठ लावावे. बिडाचा मुरलेला तवा मध्यम-तेज आचेवर चांगला तापवून चिरलेली एक बाजू खाली ठेवावी आणि तीन-चार मिनिटे अजिबात हलवू नये. कडा तपकिरी, जागोजागी काळसर झाल्या आणि भाजल्याचा गोडसर वास आला की दुसरी चिरलेली बाजू तशीच भाजावी, शेवटी पाठीची बाजू दोन मिनिटे. बुंध्यात सुरी सहज शिरली की झाले. शिरत नसेल तर झाकण ठेवून आणखी दोन मिनिटे वाफ द्यावी.

तव्यावरून काढताच, गरम असतानाच, मोदेनाचे बाल्सामिक व्हिनेगर किंवा लिंबाचा रस शिंपडावा. तपकिरी होऊ लागलेला रंग लगेच पुन्हा लालीकडे झुकतो. वर किसलेले पार्मेझान घालावे. भाजण्याने कडूपणा नाहीसा होत नाही. पानांतील साखर तपकिरी होऊन तिची गोडी त्याला जोड देते आणि देठ लोण्यासारखा मऊ होतो. आच मंद ठेवली तर पाने केवळ शिजतात, करडी पडतात आणि कडूच राहतात. या पदार्थात आच हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

रादिक्यो आणि राजमा

वेनेतोतील शेतकरी घरांत हिवाळ्यात होणारा हा पदार्थ मला या भाजीचा सर्वांत समंजस उपयोग वाटतो. शाकाहारी घरातही तो सहज सामावतो. तिकडे लामोन गावच्या ठिपकेदार बोर्लोत्ती घेवड्याचे दाणे वापरतात. आपला चित्रा राजमा त्याच प्रजातीचा आणि दिसायलाही तसाच असल्याने तो निःसंकोच घ्यावा.

२५० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा आणि एक तमालपत्र घालून कुकरमध्ये अगदी मऊ होईपर्यंत शिजवावा. कच्च्या राजम्यात पोटाला अपायकारक ठरणारे द्रव्य असते आणि ते चांगल्या उकळीनेच नष्ट होते, म्हणून अर्धवट शिजलेले दाणे कधीही वापरू नयेत. मीठ शेवटी घालावे. तमालपत्र काढून निम्मे दाणे भाज्यांसह वाटून घ्यावेत आणि उरलेल्या अख्ख्या दाण्यांत मिसळावेत. मिश्रण पिठल्याहून किंचित सैल असावे.

दुसरीकडे एक गड्डा पट्ट्यांत चिरून, न भिजवता, त्याला दोन मोठे चमचे व्हिनेगर, मीठ आणि भरड मिरपूड चोळून खोलगट ताटल्यांत पसरावा. चार मोठे चमचे ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण आणि रोझमेरीची एक काडी मंद आचेवर तापवून घ्यावी. तिकडे या जागी डुकराच्या चरबीचे तुकडे परतून ती वितळलेली गरम चरबी ओततात. राजमा वाफाळता असतानाच पानांवर घालावा, वरून सुवासिक तेल ओतावे आणि लगेच वाढावे. राजम्याच्या उष्णतेने खालची पाने अर्धवट मरगळतात, वरची कुरकुरीत राहतात, आणि दाण्यांचा पिठूळ गोडवा कडूपणाला इतका सांभाळून घेतो की साखरेची किंवा मधाची आठवणही होत नाही. पोषणाच्या दृष्टीनेही जोडी उत्तम आहे, कारण पानांत जे तंतू, लोह आणि प्रथिने नाहीत ती राजमा पुरवतो. भाजलेल्या पावाऐवजी ज्वारीची भाकरी घेतली तरी पदार्थ बिघडत नाही.

रिसोत्तो

रिसोत्तो म्हणजे स्टॉक (भाज्या उकळून गाळलेले पाणी) थोडाथोडा घालत दाटसर शिजवलेला इटालियन भात. यासाठी वेरोना जिल्ह्यात पिकणारा व्यालोने नानो किंवा कार्नारोली तांदूळ योग्य. बासमतीने दाटपणा येत नाही. आंबेमोहोर चिकट असल्याने चालू शकतो, मात्र तो लवकर मऊ होत असल्याने बाराव्या मिनिटापासूनच दाणा चाखून पाहावा. चार जणांना ३२० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम रादिक्यो, एक लहान कांदा, अर्धा पेला लाल वाइन, सव्वा लिटर गरम स्टॉक, ७० ग्रॅम लोणी आणि ५० ग्रॅम किसलेले चीज लागते. निम्म्या लोण्यात कांदा मंद आचेवर पारदर्शक करून दोन तृतीयांश चिरलेली पाने घालावीत, ती बसली की तांदूळ घालून दोन मिनिटे परतावा, वाइन आटवावी आणि मग डावाडावाने स्टॉक घालत सोळा ते अठरा मिनिटे शिजवावे. वाइन नको असेल तर एक मोठा चमचा लाल व्हिनेगर घालावे. रंग टिकण्यासाठी आम्ल लागतेच. उरलेली पाने शेवटच्या तीन मिनिटांत घालावीत, म्हणजे थोडी लाली आणि थोडा करकरीतपणा राहतो. गॅस बंद करून उरलेले लोणी आणि चीज जोराने घोटून दोन मिनिटे झाकून ठेवावे.

जवळच्या भाज्या

बेल्जियन एंडिव्ह ही चिकोरीचीच, अंधारात वाढवलेली पांढरी कळी. ती दुकानात उजेडात राहिली की टोके हिरवी पडतात आणि कडूपणा वाढतो, म्हणून पिवळसर टोकांचीच निवडावी आणि घरीही गडद कागदात गुंडाळून ठेवावी. बुंध्यातून शंकूच्या आकाराचा गाभा कोरून काढला की बराच कडूपणा जातो. मग कळी उभी चिरून लोण्यात, लिंबाचा रस आणि थोडे पाणी घालून झाकून शिजवावी. रोममध्ये पुन्तारेल्ले नावाच्या चिकोरीचे पोकळ कोंब उभे, बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा ते वेटोळे घालतात. त्यांना लसूण, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि खारवलेल्या अँकोव्ही माशांचे वाटण लावतात. मासे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी खारवलेल्या केपर कळ्या ठेचून घालाव्यात. एस्कारोल आणि कुरळी फ्रिझे या सिकोरियम एंडिव्हिया या सख्ख्या प्रजातीच्या असून वर दिलेल्या सॅलडच्या पद्धतीने त्या तशाच करता येतात, मात्र त्यांना पंधरा मिनिटांहून अधिक भिजवण्याची गरज पडत नाही.

सुरुवातीला बाजूला ठेवलेला गाभा सोलून, अगदी पातळ चकत्या करून रिसोत्तोच्या कांद्याबरोबर परतावा. बाहेरची राठ पण निरोगी पाने राजम्याच्या कुकरमध्ये घालता येतात. भाजलेले तुकडे उरले तर दुसऱ्या दिवशी बारीक चिरून, चीज आणि मिरपूड घालून पावाच्या दोन कापांत भरावेत आणि तव्यावर दाबून शेकावेत. मात्र भाजलेले रादिक्यो फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण त्यानंतर त्याला पाणी सुटते.